चौगुल्यांचं बिनदाराचं घर

मामाने तिसऱ्यांदा बटण दाबलं, तरी घर गप्पच.

"बेल बंद पडलीया," मामा म्हणाला आणि पुन्हा दाबलं.

मी फाटकाशी उभी राहून घराकडे बघत होते. घर म्हणावं असं एकही लक्षण त्यात नव्हतं. उतरतं छप्पर नाही, गिलावा नाही, रंगाचा हात नाही. तांबड्या विटांची भिंत सरळ येऊन कोपऱ्यावर वळायचं सोडून माठाच्या पोटासारखी गोल फिरली होती. वरच्या मजल्याचं काँक्रीट उघडंच होतं आणि ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेघा त्यावर जशाच्या तशा उमटल्या होत्या.

"अर्ध्यात सोडलंय की काम," मामा म्हणाला.

"मामा, तू बटण दाबलंस की आत दिवा लागतोय."

खरंच लागत होता. भिंतीतल्या उभ्या, चिंचोळ्या खिडकीतून पिवळा उजेड चमकायचा आणि मामाने बोट काढलं की विझायचा.

"म्हंजे वायरीत घोटाळा हाय," असं म्हणून मामाने पुन्हा दाबलं. तेवढ्यात पांढरा लेंगा-सदरा घातलेले, उंच, किडकिडीत गृहस्थ घाईघाईने पायवाटेवर आले. ते विद्याधरचे, म्हणजे मला बघून गेलेल्या मुलाचे, वडील. सगळे त्यांना नाना म्हणत.

"आलो, आलो," ते हसत म्हणाले. "एकदा पुरतं हो. आत दिवाळी झाली सगळी."

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. मी गडहिंग्लजला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे लग्नाचं सगळं भूपालमामा बघायचा. आमच्याकडे आधी मुलगी बघतात, ती पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात आणि तिथेच होय किंवा नाही ठरवून उठतात. या घर बघण्यात मुलीला नेत नाहीत. विद्याधर आणि नाना महिन्यापूर्वी येऊन मला बघून गेले होते. मुलगा वडिलांच्याच ऑफिसात घरांचे नकाशे काढायचा. बोलला कमी, पण माझ्याकडे इतकं टक लावून बघत होता की आईला ते खटकलं आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मग मध्यस्थाकडून निरोप आला, घर बघायला याल तेव्हा मुलीलाही आणा, राहायचं तिला आहे. मामा दोन दिवस त्या निरोपावर कुरकुरला. आईला बस लागते, म्हणून शेवटी आम्ही दोघंच कोल्हापूरला आलो आणि कळंब्याच्या वाटेवरच्या या घरापाशी उतरलो.

मामाचं आणखी एक सांगायला हवं. त्याचं गडहिंग्लजला हार्डवेअरचं दुकान होतं. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, कुलपं. कुणाच्याही घरी गेला की तो माणसांआधी दारं बघायचा. दार ओढून, ढकलून, कडी सरकवून झाली की मग नमस्कार. त्याच्या मते घरची माणसं कशी आहेत ते कडीवरून कळतं.

आता अशा माणसाला नानांनी बाहेरच्या दारातून आत घेतलं, आणि त्यानंतर पुढे घरात कुठे दारच नव्हतं.

बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघर दिसत होतं, स्वयंपाकघरातून मागचं अंगण. मध्ये भिंती होत्या, पण त्या कुठेच एकमेकींना भिडत नव्हत्या. एक भिंत सुरू व्हायची, गोल वळायची आणि मध्येच थांबायची, की तिथून पुढची जागा सुरू. झोपायच्या खोलीत जायलाही असाच वळसा. मामा पहिल्या वळणाशी थबकला. त्याचा हात सवयीने चौकटीकडे गेला आणि हवेतच राहिला. मग त्याने गावाकडे करतात तसं केलं. आत बायामाणसं असतील म्हणून मोठ्यांदा खाकरला.

आतून काही हालचाल नाही. मामा पुन्हा खाकरला. स्वयंपाकघरात एक बाई आमच्याकडे पाठ करून डबा काढत होत्या, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"गर्विष्ठ दिसत्यात," मामा माझ्या कानाशी म्हणाला.

नानांनी पायाने जमिनीवर एक हलकी टाप मारली. त्याबरोबर बाई वळल्या आणि चेहराभर हसल्या. तेव्हा कुठे माझं लक्ष पायाखाली गेलं. फरशी नव्हतीच. सगळ्या घरभर लाकडी फळ्यांची जमीन होती, चाललं की किंचित लवणारी.

"या माई, विद्याधरची आई," नाना म्हणाले. "हिला ऐकू येत नाही. अजिबात. लग्नानंतर हळूहळू गेलं. तिच्याकडे तोंड करून बोला, म्हणजे झालं."

मध्यस्थाने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. मामा क्षणभर गडबडला, मग हिशोब करून सावरला आणि माझ्याकडे झुकून पुटपुटला, "सासूला ऐकू येत न्हाई, तर बरंच की गं तुला."

"मला ओठ वाचता येतात," माई म्हणाल्या. आवाज मोठा होता आणि सपाट, सगळे शब्द एकाच उंचीवर ठेवल्यासारखे. "आणि बरंच आहे, हे खरं."

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण माईंनी ते पाहिलं आणि त्याही हसल्या. त्या घरातली मला आवडलेली पहिली गोष्ट ती.

मग मात्र माझं कुतूहल आवरेना. विद्याधर येऊन समोर बसला, शिरा, चिवडा, चहा आला, तरी माझे डोळे भिंतींवरच फिरत होते. आम्हाला बसवलं होतं ते अशा ठिकाणी की बाजूच्या खिडकीचा उजेड बरोबर आमच्या तोंडावर पडत होता, आणि माईंची खुर्ची अशी की तिथून फाटक, जिना, चूल, मागचं अंगण, सगळं एका नजरेत यावं. चूलही भिंतीकडे तोंड करून नव्हती. स्वयंपाक करणारीचं तोंड घराकडे होतं.

"कोपरे गोल का केलेत?" मी नानांना विचारलं. मुलीने असं विचारायचं नसतं, म्हणून मामाने मला कोपराने ढोसलं.

नानांचे डोळे चमकले. "कुणी विचारत नाही हो हे. दोन माणसं कोपऱ्यावर समोरासमोर आली की आपल्याला आधी पावलं ऐकू येतात, आपण थांबतो. हिला ऐकू येत नाही. भिंत गोल असली की येणारं माणूस आधी दिसतं."

"आणि जमीन?"

"कुणी चाललं की हिच्या तळपायाला कळतं. कोण चाललंय तेही कळतं. मघाशी तुम्ही आत आलात तेव्हा डबा काढता काढता तिला ठाऊक होतं, दोन परकी माणसं आहेत, एक जड, एक हलकं. पण तूप सांडत होतं म्हणून वळली नाही."

"आणि न्हाणीघराला तरी दार हाय का?" मामाने विचारलं. तो मघापासून अस्वस्थ होता, त्याचं कारण आता कळलं.

"शंखासारखा वळसा आहे. आत गेलं की बाहेरून काही दिसत नाही. तोंडाशी एक तांबडी फळी आहे, ती उभी करायची, की कुणी येत नाही."

मामा गेला. थोड्या वेळाने आतून त्याचं खाकरणं ऐकू यायला लागलं. फळीवर त्याचा भरवसा नव्हता. तिथे असेपर्यंत तो एकसारखा खाकरत राहिला, आणि बाहेर आम्ही चौघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्याने शिरा खात राहिलो. माईंना ऐकू येत नव्हतं, पण आमचे चेहरे बघून त्यांनी नानांना खुणेने विचारलं, काय झालं. नानांनी खुणेनेच सांगितलं आणि माईंना हसता हसता ठसका लागला.

मामा परत आल्यावर त्याने सरळ विषयाला हात घातला. "चौगुलेसाहेब, एवढं सगळं केलंसा, मग दारांनी काय घोडं मारलंय?"

नानांनी कप खाली ठेवला.

"आम्ही आधी शाहूपुरीत भाड्याने राहायचो. जुनी, जाड दारं. विद्याधर तेव्हा दोन-अडीच वर्षांचा. एक दिवस तो खोलीत गेला, दार लोटलं आणि आतून कडी पडली. घरात ही एकटी. हिने दार वाजवलं, हाका मारल्या. आत तो रडतोय, की बोलतोय, की गप्प झालाय, काही कळायला मार्ग नाही. शेजारी कुणी नव्हतं. मी संध्याकाळी आलो तेव्हा ही दाराला दोन्ही तळवे लावून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी दार फोडलं. पोरगं आत जमिनीवर झोपून गेलेलं."

विद्याधर खाली बघत होता. ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकली असणार.

"त्याच दिवशी ठरवलं," नाना म्हणाले, "हिच्या आणि माणसांच्या मध्ये पुन्हा दार येऊ द्यायचं नाही. लोकांनी वेड्यात काढलं. माझ्याकडे घर बांधायला येणारी माणसं हे घर बघून परत गेली. पण विचारा हिला, आता कसली काळजी आहे का."

माईंनी हसून मान हलवली आणि मामाच्या ताटलीत आणखी शिरा वाढला.

मामा विरघळला. दारावाचून घर ही कल्पना त्याला पटली नव्हती, पण बायकोसाठी माणसाने एवढं करावं हे त्याला मनापासून आवडलं. "जावा, वरचं बी बघून या," तो मला म्हणाला. म्हणजे आता मुला-मुलीने दोन शब्द बोलायला हरकत नव्हती.

वरचा मजला नुकता गेल्या वर्षी बांधलेला होता. नाना म्हणाले, "वरचं सगळं विद्याधरचं. मी पेन्सिलसुद्धा लावली नाही. हिने तर अजून पाहिलेलंही नाही, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही."

वर एकच मोठी खोली होती. तिन्ही बाजूंना लांब खिडक्या, दूरवर कळंब्याच्या तळ्याचं पाणी दिसणारं. मी हरखून गेले. आमच्या घरात मी आयुष्यात एवढा उजेड पाहिला नव्हता. विद्याधर मला भिंतीतली कपाटं दाखवत होता, पुस्तकांच्या फळ्या दाखवत होता, आणि मी त्याच्याकडे न बघता घराकडे बघत होते. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही, हेही माझ्या लक्षात आलं.

पण बघता बघता मला काहीतरी टोचायला लागलं. इथेही कोपरे गोल होते. इथेही जमीन लाकडी होती. भिंतीवर तसाच पिवळा दिवा होता, खालच्या बटणाला जोडलेला. त्याचं नकाशे काढायचं मोठं टेबल खिडकीकडे तोंड करून असायला हवं होतं, उजेड आणि तळं सोडून कोण जिन्याकडे तोंड करून बसेल? हा बसत होता. माई वर येत नव्हत्या, येणार नव्हत्या. मग हे सगळं कुणासाठी?

आणखी एक होतं. मी ज्या बाजूला सरकत होते, त्या बाजूने तो वळसा घेऊन पुन्हा माझ्यासमोर येत होता.

मी शाळेत मुलींना सांगायची, शंका आली की प्रयोग करा. तो कपाट बंद करायला वळला तेव्हा मी जागची हलले नाही. त्याच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ही खिडकी उघडते का?"

तो कपाट बंद करत राहिला.

मी पुन्हा विचारलं. काही नाही. मग मी एक पाऊल टाकलं. फळी लवली, आणि तो लगेच वळला.

"काही म्हणालात?"

"हो. ही खिडकी उघडते का, असं विचारलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मागून विचारलंत."

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

त्याने टेबलाची खुर्ची ओढून मला दिली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसला. माझ्या तोंडावर उजेड येईल असा. आता मला त्या बसण्याचाही अर्थ कळला.

"डावा कान गेलाय," तो म्हणाला. "उजवाही जायला लागलाय. माईचं जसं गेलं तसंच, त्याच वयात. मिरजेला दाखवलं. डॉक्टर म्हणतात, यंत्र लावून काही वर्षं निभावेल. नंतर नाही."

मला भीती वाटली. नवरा म्हणून मी मनात जे जे रंगवलं होतं त्यात गप्पा होत्या, आणि त्या गप्पांत दोन माणसं बोलत होती.

"हे तुम्ही सांगणार होता?"

"आज. खाली उतरायच्या आधी. नानांशी माझं भांडण झालं यावरून. त्यांचं म्हणणं, आधी घर बघू दे, माणसं बघू दे, मग सांग. आधीच सांगितलं तर लोक घरापर्यंत येतच नाहीत." तो किंचित हसला. "तुमच्याआधी दोन घरची मंडळी येऊन गेली. माझ्यापर्यंत पोचलीच नाहीत. दारं नाहीत म्हणूनच नकार कळवला."

"हा मजला तुम्ही स्वतःसाठी काढलात."

"हो. ऐकू येतंय तोवर काढून घ्यावा म्हटलं. नंतर मजुरांशी बोलणं अवघड जाईल."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की माझ्या भीतीत पुन्हा कुतूहल शिरलं. मला गप्प बसवेना.

"आधी काय जातं?"

"बारीक आवाज. पक्षी गेले. भांड्यांचा आवाज गेला. कुकरची शिट्टी जातेय. मग माणसं. बायकांचे आवाज आधी जातात, पुरुषांचे मागून."

"माझा?"

त्याने विचार केला. खरंच विचार केला, सभ्यपणा म्हणून नाही. "तुमचा जरा जाडसर आहे. बरेच दिवस पुरेल."

माझ्या जाड आवाजाबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली होती. शाळेच्या गाण्यात मला मागे उभं करायचे. मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते पुसावं म्हणून मी तोंड फिरवलं, तर समोर जिन्याची मोकळी जागा, आणि खालून माईंची नजर थेट माझ्यावर. मी झटकन दुसरीकडे वळले. तिकडे विद्याधर बघत होता.

आम्ही खाली आलो तेव्हा मामा एकदम रंगात आला होता.

"बस पद्मा. आमी ठरवून टाकलंय. आमाला मुलगा पसंत, घर पसंत. फकस्त एकच गोष्ट." त्याने नानांच्या हातावर हात ठेवला. "खाली तुमचं तुमी काय बी करा. पण वर नवीन जोडपं ऱ्हाणार. जिन्याच्या तोंडाशी दार पायजे. ते माझ्याकडनं आहेर. सागवानी देतो, पितळी कडी देतो, दुकानातली एक नंबरची. आमच्या पोरीचं दार हाय म्हणून कोल्हापूर बघायला येईल."

नाना विद्याधरकडे बघायला लागले. विद्याधर उभा राहिला आणि मामाच्या समोर आला.

"मामा, वर दार चालणार नाही. मलाही ऐकू येईनासं होतंय. थोड्या वर्षांत आईसारखंच होईल. मी यांना आत्ता सांगितलं."

मामाचा हात नानांच्या हातावरून हळूहळू मागे आला.

"आमाला फसवायला बोलवलंसा?"

"फसवायचं असतं," नाना म्हणाले, "तर मुलीला घेऊन या म्हटलं नसतं."

"तुमी शिकलेली माणसं, तुमी असं करावं?" मामाच्या आवाजात रागापेक्षा दुःखच जास्त होतं, त्याला हे घर आवडून गेलं होतं. "पद्मा, ऊठ."

मी उठले नाही. "मामा, थांब जरा."

"काय थांबू? तुला कळतंय का? आज बोलतोय, उद्या ठार बहिरा हुईल. पडलीस, लागलं, हाक मारलीस, तर कुणाला मारशील? ह्येला? ह्यांला?"

प्रश्न खरा होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, माईही. मी मान वळवून पुन्हा एकदा ते घर पाहिलं, आणि या वेळी मनातल्या मनात त्यात राहून बघितलं. स्वयंपाक करत होते, माईंना दिसत होते. वह्या तपासत होते, नानांना दिसत होते. हाक मारायची गरजच नव्हती, पाय आपटला की दोन माणसं वळणार होती. मी पडले असते तर कुणाला तरी दिसलेच असते. मामाच्या प्रश्नाला त्या घराने उत्तर दिलं होतं. विद्याधर मला आवडला होता, हेही आता स्पष्ट होतं. तरी मला हो म्हणवत नव्हतं, आणि का म्हणवत नाही ते मघाच्या जिन्यामुळे मला कळलं.

"नाना," मी म्हणाले, "या घरात रडायचं झालं तर कुठे जायचं?"

नाना गोंधळले. सकाळपासून मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. "रडायचं कशाला?" ते म्हणाले.

"कधीतरी येतंच ना. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही. आमच्या घरी आठ माणसं, पण न्हाणीघराला कडी आहे. इथे मी सगळ्यांना सगळीकडून दिसणार." मी मामाकडे वळले. "मामा, मला हे स्थळ पसंत आहे. पण मला दार पाहिजे. जिन्याला नको. एखाद्या लहानशा खोलीला, एकच. आतून कडी लावायची."

मामाचं तोंड उघडंच राहिलं.

नाना मात्र हळूहळू ताठ झाले. "तुम्हाला अजून समजलं नाही, पद्मजा. दार म्हणजे काय ते तुम्ही ऐकलंत ना? कडी पडली की बाहेरच्याला काही कळत नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला दार म्हणजे..." ते माईंकडे वळले, नीट त्यांच्या समोर तोंड करून. "सांग हिला."

माईंनी माझे ओठ वाचले होते. त्या नानांकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"मला पण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला पण हवं होतं. एक दार."

तो सपाट, मोठा आवाज त्या मोकळ्या घरात सगळीकडे गेला. नाना खुर्चीच्या कडेवर सरकले. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही एवढं सगळं माझ्यासाठी केलंत," माई म्हणाल्या. "लोकांचं ऐकून घेतलंत. त्यात आणखी दार कसं मागू?"

नानांनी एकदा घराकडे बघितलं, जसं मी बाहेरून पहिल्यांदा बघितलं होतं तसं. मग खिशातली पेन्सिल काढली, खुर्ची ओढून माईंच्या अगदी समोर बसले आणि शब्द वेगवेगळे करून विचारलं, "कुठे हवं?"

माईंनी क्षणाचाही विचार केला नाही. अंगणालगतच्या, पापडाचे डबे ठेवायच्या लहान खोलीकडे बोट दाखवलं. जागा त्यांनी केव्हाच ठरवून ठेवली होती.

मामा त्या दिवशी बसमध्ये निपाणीपर्यंत एक शब्द बोलला नाही. निपाणीला चहा पिताना म्हणाला, "दार साडेसहा फुटी लागंल." तोच त्याचा होकार.

विद्याधरचं ऐकणं डॉक्टरांनी सांगितलं त्याच्याही आधी गेलं. माझा जाडसर आवाज त्याला शेवटपर्यंत पुरला, असं तो म्हणतो, खरं-खोटं मी तपासलेलं नाही. आम्ही खूप भांडलो, पाय आपटून, हातवारे करून, आणि त्या लहान खोलीत मी बरेचदा जाऊन बसले.

पण पहिल्यांदा तिथे गेली ती मी नव्हे. लग्नानंतर चार दिवसांनी मामाने स्वतः येऊन दार बसवलं. दुपारची जेवणं झाली, माई उठल्या, आत गेल्या आणि पितळी कडी लावून घेतली. नाना बाहेर वर्तमानपत्र धरून बसले, पण पान काही उलटेना. हाक मारून उपयोग नव्हता, दार वाजवून उपयोग नव्हता. त्यांच्या घरात ते पहिल्यांदाच ताटकळले होते. माई चहाच्या वेळेला बाहेर आल्या. चेहरा शांत होता.

"काय करत होतीस एवढा वेळ?" नानांनी विचारलं.

"काही नाही," माई म्हणाल्या. "तिथे मी कुणाला दिसत नव्हते."